‘इस्सु’ची युक्ती कुठे संपते? पोर्तुगीज नामवाक्यं ओळखण्याबद्दल

पोर्तुगीजचा सर्टिफिकेट कोर्स झालेला आहे, साध्या बातम्या वाचता येतात, पण अठराव्या शतकातलं एखादं पत्र समोर आलं की तिसऱ्या ओळीतच धागा सुटतो, अशी तक्रार संशोधनाची तयारी करणाऱ्यांकडून मी सतत ऐकते. त्यावरचा उपाय बहुतेक जण शब्दकोशात शोधतात. मोठा कोश घ्यायचा, जुने शब्द पाठ करायचे. पण त्यांच्यासोबत बसून तेच पत्र वाचलं तर न कळलेले शब्द थोडेच निघतात. खरा अडथळा असतो ‘कि’ या एवढ्याशा शब्दाचा. तो एका पानात कितीतरी वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी तो नेमकं काय करतोय हे ठरवता आलं नाही तर बाकी सगळे शब्द माहीत असूनही वाक्य उलगडत नाही.

म्हणून या वेळी पोर्तुगीजमधल्या नामवाक्यांबद्दल लिहिते आहे, आणि खरं तर ती ज्या पद्धतीने शिकवली जातात त्या पद्धतीबद्दल. माझं म्हणणं असं की प्रचलित पद्धत तुम्हाला नामवाक्याचं नाव सांगायला शिकवते, पण ते शोधायला शिकवत नाही. परीक्षेपुरतं नाव पुरतं. तुम्हाला मात्र उद्या असा कागद वाचायचा आहे ज्यात कुणी काहीच अधोरेखित करून ठेवलेलं नाही.

एक खुलासा आधीच करते. इथली पोर्तुगीज वाक्यं मी देवनागरीत, साधारण उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. स्पेलिंग तुमच्या पुस्तकात बघा. उच्चारही सगळीकडे एक नाही. ज्याला मी ‘कि’ लिहिते आहे तो ब्राझीलमध्ये ‘कि’ असाच ऐकू येतो, लिस्बनमध्ये तो जवळजवळ नुसता ‘क’ उरतो. उदाहरणाची वाक्यं मीच बेतलेली आहेत, कुठल्या कागदातली नाहीत.

आता मुद्द्याकडे. नामवाक्य म्हणजे काय हे तुम्हाला नव्याने सांगायची गरज नाही. शाळेत किंवा एमपीएससीच्या मराठी व्याकरणात मिश्र वाक्याचा धडा झालेलाच असतो: प्रधान वाक्य, गौण वाक्य, आणि गौण वाक्याचे तीन प्रकार, नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य. पोर्तुगीज शालेय व्याकरणातही हेच तीन कप्पे आहेत. नामाच्या जागी अख्खं वाक्य येऊन बसलं की ते नामवाक्य. ‘सेय कि एलि वेयु’, म्हणजे ‘तो आला हे मला माहीत आहे’. काय माहीत आहे? तो आला, हे.

हे ओळखण्याची जी युक्ती ब्राझीलमधल्या प्रत्येक शिकवणीत सांगितली जाते ती ‘इस्सु’ची. ‘इस्सु’ म्हणजे ‘हे’ किंवा ‘ते’. ज्या तुकड्यावर संशय आहे तो काढा, तिथे ‘इस्सु’ ठेवा, वाक्य उभं राहिलं तर तो तुकडा नामवाक्य. ‘सेय कि एलि वेयु’ याचं ‘सेय इस्सु’ होतं, ‘हे मला माहीत आहे’. जमलं. ‘ए वेर्दादि कि शुवेउ’, म्हणजे ‘पाऊस पडला हे खरं आहे’. याचं ‘इस्सु ए वेर्दादि’ होतं. हेही जमलं. आता ‘इश्तावा तांउ कांसादु कि आदोर्मेसेउ’ घ्या, ‘तो इतका थकला होता की झोपी गेला’. इथे ‘कि’पासूनचा भाग काढून ‘इस्सु’ ठेवलात तर ‘तो इतका थकला होता हे’ असं काहीतरी तुटकं हाती येतं. म्हणजे हे नामवाक्य नाही.

ही युक्ती वाईट अजिबात नाही. उलट, ती आपल्याला एक महत्त्वाची गोष्ट सांगते: नामवाक्याची ओळख त्याच्या पोटात नसते, ते ज्या जागेवर बसलंय त्या जागेत असते. तेच ‘कि शुवेउ’ एका वाक्यात कर्ता असेल, दुसऱ्यात कर्म. भाषाविज्ञानाकडे जाणाऱ्यांना हे वितरणाचं तत्त्व म्हणून पुढे भेटेलच. माझी तक्रार युक्तीबद्दल नाही. तक्रार आहे ती तिच्यानंतर लगेच येणाऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे सहा नावांच्या यादीबद्दल.

ब्राझीलने 28 जानेवारी 1959 रोजी शालेय व्याकरणाची परिभाषा सरकारी आदेशाने एकसारखी केली. त्याआधी प्रत्येक व्याकरणकाराची नावं वेगळी असल्याने विद्यार्थ्यांचे हाल होत होते, त्यामुळे हे काम गरजेचंच होतं. त्या परिभाषेत नामवाक्याचे सहा प्रकार आहेत: कर्त्याच्या जागचं, प्रत्यक्ष कर्माच्या जागचं, अप्रत्यक्ष कर्माच्या जागचं, नामाला किंवा विशेषणाला पूर्ण करणारं, विधेयपूरकाच्या जागचं आणि समानाधिकरण. काही व्याकरणकार सातवाही जोडतात, कर्मणि प्रयोगातल्या कर्त्याच्या जागचा. ब्राझीलमध्ये सरकारी नोकऱ्यांच्या स्पर्धा परीक्षांत व्याकरणाचे प्रश्न असतात, त्यामुळे इंटरनेटवर पोर्तुगीज नामवाक्यांवरचा जो सराव तुम्हाला सापडतो त्यातला मोठा भाग याच सहा नावांभोवती फिरतो. ‘अधोरेखित उपवाक्याचा प्रकार ओळखा’, आणि खाली पाच पर्याय.

आता ही नावं नीट बघा. ती कशाची नावं आहेत? उपवाक्याची नाहीत, जागांची आहेत. खुर्चीवर कोण बसलंय हे न विचारता खुर्ची कुठल्या रांगेत आहे एवढंच लिहून ठेवावं तसं. त्यामुळे ‘कि’ने सुरू होणारं उपवाक्य, ‘सि’ने सुरू होणारं, ‘केंय’ म्हणजे ‘कोण/जो’ने सुरू होणारं, आणि ज्याला यातला कुठलाच शब्द लागत नाही असं, हे चारही एकाच कप्प्यात पडतात. कागद वाचताना तुम्हाला नेमका याच चारांतला फरक हवा असतो.

पोर्तुगालने या बाबतीत जरा बरी वाट धरली. तिथल्या शाळांसाठी 2008 मध्ये आलेल्या परिभाषाकोशात नामवाक्यांचे दोनच गट आहेत: पूरक आणि संबंधी. कर्ता की कर्म हा प्रश्न नंतर, वेगळा विचारायचा. संशोधनासाठी शिकत असाल तर हीच विभागणी आधी घ्या असं मी स्पष्टच सांगेन. ‘केंय शेगोउ तार्दि फिकोउ दि पे’, म्हणजे ‘जो उशिरा आला तो उभा राहिला’. इथे ‘केंय शेगोउ तार्दि’ कर्त्याच्या जागी आहे, म्हणून सहा नावांच्या पद्धतीत ते ‘पाऊस पडला हे खरं आहे’ याच्याच पंगतीला बसतं. पण त्याच्या जागी ‘इस्सु’ ठेवून बघा. ‘हे उभं राहिलं’? नाही चालत. तिथे ‘एलि’, म्हणजे ‘तो’ लागतो. एक उपवाक्य घटना सांगतंय, दुसरं माणूस दाखवतंय. ‘इस्सु’ची युक्ती हा फरक अचूक दाखवते, आणि सहा नावं तो झाकून टाकतात.

युक्तीही काही ठिकाणी हात टेकते, आणि त्या जागा पुस्तकात सहसा नसतात. ‘पारेसि कि वाय शुवेर’, म्हणजे ‘पाऊस पडेल असं दिसतंय’. परंपरेने हे कर्त्याच्या जागचं नामवाक्य. तर मग ‘इस्सु पारेसि’ व्हायला हवं. पण या अर्थाने तसं कुणी म्हणत नाही, वाक्य अर्धवट वाटतं. दुसरी जागा ‘गोश्तु’, ‘मला आवडतं’. या क्रियापदाला नामाआधी ‘दि’ लागतो, म्हणून ‘गोश्तु दिस्सु’. पण उपवाक्य आलं की ‘दि’ सहसा गायब होतो: ‘गोश्तु कि एला कांति’, ‘तिने गायलेलं मला आवडतं’. आता हे प्रत्यक्ष कर्म की अप्रत्यक्ष? पुस्तकं म्हणतात अप्रत्यक्ष, ‘दि’ गुप्त आहे. ठीक. पण मग ओळखीची खूण म्हणून ‘आधी ‘दि’ आहे का बघा’ असं सांगण्यात काय अर्थ उरला? जो शब्द दिसतच नाही त्यावरून ओळखायचं, हे आधीच उत्तर माहीत असलेल्यालाच जमतं.

इथे मराठी किती मदत करते आणि किती फसवते हे सांगायला हवं, कारण पोर्तुगीज पुस्तकं ते सांगणार नाहीत. ब्राझीलचा ‘कि’ आणि आपला ‘की’ कानाला जवळजवळ सारखे. त्यामुळे नवखा मराठी विद्यार्थी दिसला ‘कि’ की लिही ‘की’, असं करत सुटतो. ‘दिस्सि कि’ला ‘म्हणाला की’ बरोबर बसतं, ‘तांउ कांसादु कि’लाही ‘इतका थकला की’ बसतं, आणि बसतं म्हणूनच घोटाळा होतो. एक नामवाक्य आहे, दुसरं परिणाम सांगतंय. आपला ‘की’ दोन्हीकडे चालत असल्याने तो हा फरक दाखवू शकत नाही. ‘उ लिव्रु कि कोंप्रेय’, ‘मी विकत घेतलेलं पुस्तक’, इथे तर ‘की’ मुळातच चालत नाही, ‘जे’ लागतं.

म्हणून मराठीचा उपयोग करायचाच असेल तर ‘की’ सोडा, ‘हे’ आणि ‘असं’ धरा. ‘तो आला हे मला माहीत आहे’, ‘पाऊस पडेल असं दिसतंय’. आपल्या भाषेत नामवाक्याची जागा राखून ठेवणारे हे शब्द उघड दिसतात. ‘पारेसि’च्या वाक्यात ‘इस्सु’ हरतो, पण मराठीतला ‘असं’ हरत नाही. मोडी कागद वाचलेल्यांना तर हे घरचंच आहे. ‘विज्ञापना ऐसीजे’ हा मायना आठवा. ‘ऐसी’ जागा धरतं आणि ‘जे’ पुढचं अख्खं वाक्य आणून त्या जागेत बसवतं. जुन्या मराठी पत्रांतला तो ‘जे’ पोर्तुगीज ‘कि’चा आजच्या ‘की’पेक्षा जवळचा भाऊ आहे, कारण त्यालाही नामवाक्य आणि संबंधी वाक्य अशी दोन्ही कामं येतात. ज्यांनी मोडी आधी केलं ते पोर्तुगीज कागदांत लवकर रुळतात, त्याचं एक कारण मला तरी हेच वाटतं.

‘सि’च्या बाबतीत मात्र मराठी सरळ मदत करते. ‘नाउं सेय सि एलि विरा’, ‘तो येईल की नाही माहीत नाही’. ‘इरेय सि एलि वियेर’, ‘तो आला तर मी जाईन’. पोर्तुगीजमध्ये दोन्हीकडे ‘सि’, मराठीत एकीकडे ‘की नाही’ आणि दुसरीकडे ‘जर-तर’. पहिलं नामवाक्य, दुसरं अट. आणि पोर्तुगीज स्वतःही एक खूण देतं, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. ‘वियेर’ हे भविष्यकाळी संभाव्य रूप आहे. ‘की नाही’च्या अर्थाच्या ‘सि’नंतर ते येत नाही. क्रियापदाचं ते रूप दिसलं की अट समजायची.

आता ‘कि’चा सगळ्यात कठीण प्रश्न: नामानंतर आलेला ‘कि’. ही दोन वाक्यं शेजारी ठेवा.

‘आ नोतिसिया दि कि उ नावियु शेगोउ’: जहाज पोचलं ही बातमी.
‘आ नोतिसिया कि उ नावियु त्रोश’: जहाजाने जी बातमी आणली ती.

पहिल्यात नामवाक्य, दुसऱ्यात विशेषणवाक्य. पुस्तक म्हणतं, ‘दि’ बघा. आधुनिक छापील मजकुरात ते बऱ्यापैकी चालतं. पण जुन्या कागदांत आणि आजच्या बोलण्यातही हा ‘दि’ सर्रास गळतो. मग राहतं काय? राहते उपवाक्याच्या आतली रिकामी जागा. ‘उ नावियु शेगोउ’, ‘जहाज पोचलं’, हे एकटं काढलं तरी पूर्ण वाक्य आहे. ‘उ नावियु त्रोश’, ‘जहाजाने आणली’, हे एकटं अपुरं आहे. काय आणली? ते ‘काय’ बाहेर, ‘बातमी’ या नामात जाऊन बसलंय. विशेषणवाक्याला आत एक भोक असतं, पूरक नामवाक्याला नसतं.

ही कसोटी माझ्या मते ‘इस्सु’पेक्षा भरवशाची आहे, आणि बहुतेक शालेय पुस्तकांत ती शेवटच्या पानावरच्या टीपेतसुद्धा नसते. ‘इस्सु’ बाहेरून विचारतो, ही जागा नामाची आहे का? रिकामी जागा आतून विचारते, इथे काही कमी आहे का? दोन्ही विचारायचे. एक सावधगिरी मात्र हवी. पोर्तुगीजमध्ये कर्ता क्रियापदानंतर आरामात येतो. ‘आ नोतिसिया कि मांदोउ उ विसिरेय’, ‘व्हाइसरॉयने पाठवलेली बातमी’. शेवटचं नाम कर्म समजलात तर उपवाक्य पूर्ण वाटेल, आणि ‘व्हाइसरॉयला पाठवलं ही बातमी’ असा भलताच अर्थ निघेल. कर्ता कोण हे आधी ठरवा, मग भोक शोधा.

‘कि’च्या मागे लागण्याचा आणखी एक तोटा आहे: जिथे ‘कि’ नाही तिथलं नामवाक्य दिसतच नाही. ‘कोंवेंय कि मांदेमुश जेंति’ आणि ‘कोंवेंय मांदारमुश जेंति’, दोन्हींचा अर्थ ‘आपण माणसं पाठवणं योग्य’. दुसऱ्यात ‘कि’ नाही. क्रियापद धातुरूपात आहे, पण त्याला ‘मुश’ हा ‘आम्ही/आपण’चा प्रत्यय लागलाय. प्रत्यय घेणारं हे धातुरूप पोर्तुगीजची खासियत आहे, आणि भाषाशास्त्रात त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. एदुआर्दु रापोझु यांचा 1987 चा लेख त्यातला सगळ्यांना वाचावा लागणारा. त्यातलं इतिहासवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखं एवढंच की ‘म्हणणं’, ‘सांगणं’ अशा क्रियापदांनंतर हे रूप आलं तर ते आपल्या कर्त्याच्या आधी येतं. ‘आफिर्मांउ तेरेंय उझ ओलांदेझिश शेगादु’, ‘डच आले असल्याचं ते सांगतात’. ‘डच’ हा शब्द दोन क्रियारूपांच्या मध्ये अडकलेला बघून गोंधळू नका. तिथे एक आख्खं नामवाक्य आहे.

आणि अर्जांची भाषा! ‘पेसु आ वोस्सा एसेलेंसिया सि दिग्नि...’ अशा धर्तीची सुरुवात तुम्हाला दरखास्तींत भेटेल. नवखा वाचक ‘सि’ बघतो आणि ‘जर’ किंवा ‘की नाही’ लावतो. प्रत्यक्षात तो ‘सि’ क्रियापदाला चिकटलेलं सर्वनाम आहे, आणि ‘मी विनंती करतो’ याच्यानंतर जो ‘कि’ हवा होता तो अदबीच्या शैलीत वगळलाय. अर्थ, ‘आपण कृपा करावी अशी विनंती’. ‘करावी’ आणि ‘अशी’ हे दोन शब्द मराठीत आपोआप येतात. त्यावरूनच कळतं की इथे नामवाक्य आहे.

एवढं सगळं नुसतं व्याकरणासाठी करायचं का, असं विचाराल. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, माझ्यासाठी यात पणाला लागतो तो पुरावा.

गोव्यातल्या पोर्तुगीज राज्याच्या सल्लागार मंडळाची इतिवृत्तं पांडुरंग पिसुर्लेकर यांनी 1953 ते 1957 या काळात पाच खंडांत छापली, 1618 ते 1750 पर्यंतची. मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांवर काम करणाऱ्याला ती टाळता येत नाहीत. इतिवृत्त म्हणजे काय, तर अमुक सभासदाचं मत असं पडलं की, आणि की, आणि की. ‘फोय दि पारेसेर कि’, ‘यांचं मत पडलं की’, हा तिथला ठरलेला साचा. (बघा, ‘पारेसेर’ हे नाम आहे, त्याच्यानंतरचं नामवाक्य नामपूरक आहे, आणि तरी ‘कि’च्या आधी ‘दि’ नाही. पुस्तकातली खूण इथे पहिल्याच पानावर निकामी.) त्या साच्यावर मी एक वाक्य बेतते:

‘फोय दि पारेसेर कि सि मांदास्सि जेंति आ शाउल, कि इश्तावा सेंय पोल्वुरा, इ कि सि इश्क्रेवेस्सि आउ नोर्ति.’

‘शाउल’ म्हणजे आपलं चौल. ‘नोर्ति’ म्हणजे उत्तरेचा प्रांत, वसईकडचा, जो 1739 मध्ये वसईबरोबर पोर्तुगीजांच्या हातून गेला. वाक्यात तीन ‘कि’ आहेत. दोन ‘सि’ आहेत, आणि त्यातला एकही ‘जर’ नाही, दोन्ही ‘पाठवली जावीत’, ‘लिहिलं जावं’ या कर्मणि अर्थाचे.

आता कसोट्या लावा. पहिला ‘कि’: आत काही कमी नाही, ‘असं मत’ म्हणून मराठीत बसतं, नामवाक्य. तिसरा ‘कि’: तसाच, ‘इ’ म्हणजे ‘आणि’ने पहिल्याला जोडलेला. दुसरा ‘कि’: आत कर्ता नाही. कोण दारूगोळ्याविना होतं? चौल. तेव्हा हे विशेषणवाक्य. आणि क्रियापदं बघा. ‘मांदास्सि’, ‘इश्क्रेवेस्सि’ ही संभाव्य रूपं, ‘पाठवावीत’, ‘लिहावं’. ‘इश्तावा’ मात्र साधा भूतकाळ, ‘होतं’.

हे न ओळखता घाईने वाचलं तर काय होतं? ‘मांदास्सि’ भूतकाळी आहे एवढंच लक्षात घेऊन तुम्ही लिहाल, ‘चौलला माणसं पाठवली, आणि उत्तरेला पत्र लिहिलं’. झालं! जो प्रस्ताव कुणीतरी सभेत मांडला, कदाचित फेटाळलाही गेला असेल, तो तुमच्या प्रबंधात घडलेली घटना म्हणून बसला. तळटीप बरोबर असेल, खंड आणि पान बरोबर असेल, तपासणारा ते पान उघडेल आणि त्यालाही ते शब्द दिसतील. अशी चूक पकडायला पोर्तुगीज येणारा परीक्षक लागतो, आणि तो प्रत्येकाच्या नशिबात नसतो.

उलट बाजूनेही गफलत होते. दुसरा ‘कि’ नामवाक्याचा समजलात तर ‘चौलला दारूगोळा नव्हता’ हे त्या सभासदाचं मत ठरतं. प्रत्यक्षात ते मत म्हणून मांडलेलं नाही, गृहीत धरून सांगितलंय. मतभेद झाला असेल तर तो माणसं पाठवायची की नाही यावर. इतिहासात हा फरक छोटा नसतो. हस्तलिखितात तर स्वल्पविरामही नसेल, आणि ‘कि’ पूर्ण न लिहिता नुसत्या पहिल्या अक्षरावर रेघ मारलेली असेल. मग तुमच्याकडे आधाराला उरतात दोनच गोष्टी, आतली रिकामी जागा आणि क्रियापदाचं रूप.

रूपाबद्दल आणखी एक जोडी देते. ‘क्रेयु कि फुजिउ’, ‘तो पळाला असं मी मानतो’. ‘नाउं क्रेयु कि तेन्या फुजिदु’, ‘तो पळाला असेल असं मला वाटत नाही’. मुख्य क्रियापद नाकारलं गेलं की आतलं क्रियापद संभाव्य होतं. लिहिणारा आतल्या विधानाची जबाबदारी घेतोय की नाही, हे बऱ्याचदा तिथे कळतं. ‘दिझेंय कि’, ‘लोक म्हणतात की’, आणि ‘कोंश्ता कि’, ‘ऐकिवात असं आहे की’, यांच्यानंतर मात्र साधं निश्चयी रूप येतं, म्हणून तिथे रूपावर विसंबू नका, बाहेरचं क्रियापद बघा. नोंदवहीत टिपण काढताना विद्यार्थी पहिला गाळतात तो नेमका हा बाहेरचा भाग. ‘दिझेंय कि उ कापितांउ फुजिउ’ याचं टिपण होतं ‘कप्तान पळाला’, आणि सहा महिन्यांनी अफवा माहिती म्हणून वापरली जाते.

शालेय व्याकरणाला हे सगळं शिकवता येत नाही का? येतं. लिस्बनच्या भाषाशास्त्रज्ञांनी मिळून लिहिलेल्या मोठ्या पोर्तुगीज व्याकरणाच्या 2003 च्या आवृत्तीत पूरक उपवाक्यांवरचा भाग इनेश दुआर्ती यांचा आहे. तिथे कुठलं क्रियापद कुठल्या रूपाचं नामवाक्य घेतं याचाच विचार केलेला आहे. जड आहे, पहिल्या वर्षी झेपणार नाही. सेल्सु कुन्या आणि लिंद्ली सिंत्रा यांचं 1984 चं व्याकरण सोपं आहे, एक ब्राझीलचे आणि एक पोर्तुगालचे, त्यामुळे दोन्हीकडची भाषा त्यात भेटते. प्रकारांची नावं तिथेही जुनीच आहेत. नावं तिथून घ्या, परीक्षेत लागतील, त्यात कमीपणा नाही.

सरावासाठी मात्र अधोरेखित वाक्यांचे संच नकोत. इतिवृत्तांच्या कुठल्याही खंडातलं एक पान घ्या, छापील असल्याने अक्षर लावायचा त्रास नाही. पेन्सिलीने त्यातला प्रत्येक ‘कि’ आणि प्रत्येक ‘सि’ गोल करा. समासात मराठीत ‘हे/असं’, ‘जो/जे’, ‘इतका की’, ‘जर’, ‘की नाही’ यातलं एक लिहा. जिथे लिहिता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाज नको. मग आतल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा, संभाव्य असेल तर दुहेरी. पहिल्या पानाला दोन-अडीच तास लागतील. ज्यांच्यासोबत मी हे केलंय त्यांना सहाव्या-सातव्या पानापर्यंत गोल करायची गरज उरली नाही, प्रश्नचिन्हांपाशी मात्र ते अजूनही थांबतात.